दुखण्याला दार कुठलं?

इस्लामपूरच्या एसटी स्टँडपासून थोड्याच अंतरावर माझं औषधांचं दुकान आहे. १९८८ पासून मी त्या काउंटरमागं उभा आहे. सकाळी शटर वर सरकवलं की पहिल्या दहा गिऱ्हाइकांतली सहा-सात जणं एकच वाक्य बोलतात, "एक दुखायची गोळी द्या." काय दुखतं, ते सांगत नाहीत. भांगलायला निघालेली बाई असते, तिची गोळी डब्याच्या पिशवीत भाकरीशेजारी जाते. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडचा कोयता असतो. कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, असा दिवस जातो आणि रात्री दोघांत मिळून एक स्ट्रिप लागते. मग कुणाचा तरी मुलगा येतो. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मोठ्या दवाखान्यातून परत पाठवलेली. तोही तेच म्हणतो, "दुखायची गोळी द्या, जरा भारीतली."

ही पुस्तिका त्या शेवटच्या मुलासाठी आहे. पहिल्या दोघांसाठीही आहे, पण त्याच्यासाठी आधी. दोन निवृत्त सिस्टर, एक आशाताई, तहसील कचेरीत हयात घालवलेले एक कारकून आणि मी, अशा पाच जणांनी ती जमवली. दुखण्याच्या बाबतीत सरकारच्या कुठल्या खात्याकडं काय आहे, तिथं कुठला कागद लागतो, आणि तिथं गेल्यावर काय मागायचं, एवढंच तिच्यात आहे. प्रस्तावना मी लिहावी असं चौघांनी ठरवलं. वयानं मी मोठा, हे एक कारण. दुसरं कारण माझी आत्ती.

मराठीत दुखणं म्हणजे आजार आणि दुखणं म्हणजे वेदनाही. "सुनेनं सासूचं दुखणं काढलं" असं आपण म्हणतो, तेव्हा तिनं नेमकं काय काढलं हे वेगळं सांगावं लागत नाही. औषधपाणी, उशापायथ्याशी बसणं, रात्रीची जाग, सगळं त्यात आलं. भाषेनं कधी वेगळं न केलेलं दवाखान्यात मात्र वेगळं झालं. आजाराला तपासण्या, ऑपरेशन, फाइल. वेदनेला जाता जाता लिहिलेली एक गोळी. आणि आजारावरचा उपाय संपला की "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या" हे वाक्य येतं. आजारापुरतं ते खरं असेलही. वेदनेपुरतं ते जवळजवळ कधीच खरं नसतं. त्या दिवशीसुद्धा वेदनेवर करण्यासारखं पुष्कळ शिल्लक असतं, आणि त्यातलं बरंचसं सरकारच्या हातात असतं.

आत्ती कृष्णाकाठच्या एका गावात एकटी राहायची. मिश्री तिची लहानपणापासूनची. तव्यावर तंबाखू भाजायची, हातानं चुरायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची. आपल्याकडच्या बायकांना हे व्यसन वाटत नाही, दात घासणं वाटतं. २०१६ मध्ये तिच्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, शेक म्हणजे रेडिएशन झालं. पाच महिन्यांनी गाठ परत आली, आणि तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं. मी तिला इस्लामपूरला माझ्या घरी आणलं. माझ्या दुकानात तीन हजार औषधं होती. मी तिला पॅरासिटामॉल दिलं, डायक्लोफेनॅक दिलं, ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणून ट्रामाडॉल दिलं. सात आठवडे गेले. रात्री ती ओरडायची नाही, आम्हाला त्रास नको म्हणून. खिडकीचा गज धरून बसायची. सकाळी तिचे तळवे गंजानं तांबूस झालेले असायचे, आणि माझी बायको गरम पाण्यानं ते धुवायची.

आठव्या आठवड्यात एका जुन्या मित्रानं सांगितलं, अमुक ठिकाणी वेदनेचीच वेगळी ओपीडी आहे, घेऊन जा. तासाभराचा रस्ता. तिथल्या डॉक्टर बाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि आत्तीला विचारलं, "आज्जी, कसं दुखतंय? ठणकतंय, का कळ येते, का आग होते?" आत्ती बोलू शकत नव्हती नीट, पण तिनं बोटानं दाखवलं. इथं ठणका, इथून कानापर्यंत चमक, आणि हनुवटीला मुंग्या. मग बाईंनी विचारलं, "रुपयात किती आणे?" आत्तीनं दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मूठ मिटली आणि पुन्हा सहा दाखवली. सोळा आणे.

दवाखान्यातली मोजपट्टी शून्य ते दहा अशी असते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसण्यापलीकडं. पण आपल्या जुन्या माणसांच्या जिभेवर आणेच आहेत. "आठ आणे फरक पडला", "अजून चार आणे राहिलंय" हे मी काउंटरवर रोज ऐकतो. त्या बाईंनी आत्तीची भाषा घेतली म्हणून आत्तीनं उत्तर दिलं. ठणका, चमक, मुंग्या यांतला फरकही फक्त बोलण्यातला नाही. सुजेतून, गाठीतून येणारा ठणका वेगळा आणि दबलेल्या, जखमी झालेल्या नसेतून येणारी चमक, आग, मुंग्या वेगळ्या. नसेच्या दुखण्याला नेहमीची दुखायची गोळी फारशी लागू पडत नाही. त्याला गॅबापेंटिन, प्रिगाबालिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी निराळी औषधं लागतात. पोटात येणारी कळ आणखी वेगळी. म्हणून पुस्तिकेचं पहिलं पान शब्दांचं आहे. ठणका, कळ, सणक, चमक, उसण, ठुसठुस, आग, मुंग्या, बधिरपणा. डॉक्टरांकडं जाण्याआधी घरच्यांनी रुग्णासमोर बसून त्यातले शब्द निवडायचे, जागा सांगायची, वेळ सांगायची. वेदनेच्या अभ्यासकांची जी जागतिक संघटना आहे, तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा ज्याचा त्याचा अनुभव आहे आणि सांगणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असं तिथं स्पष्ट लिहिलं. बोलता येत नाही म्हणून दुखत नाही असं होत नाही, हेही लिहिलं. आत्तीच्या बाबतीत ते मी डोळ्यांनी पाहिलं.

बाईंनी मॉर्फिन दिलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, दुखो वा न दुखो. सोबत नसेसाठी एक औषध आणि पोट साफ होण्याचं एक. हे शेवटचं विसरायचं नाही असं त्यांनी दोनदा बजावलं. मॉर्फिननं येणारी मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्तीनं खुणेनं ताकातल्या कण्या मागितल्या. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, सहा आणे.

मी औषधांच्या धंद्यातला माणूस. बी.फार्म. झालेला. कायदा होता, गोळी होती, ती देणारा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर होता, आणि मला दार माहीत नव्हतं. त्या सात आठवड्यांचं ओझं माझ्यावर आहे, आणि तेच या पुस्तिकेमागं आहे.

मॉर्फिन माझ्या दुकानात नाही. त्याचा परवाना माझ्याकडं नाही. बाकीच्या औषधांचा आणि याचा प्रवासच वेगळा आहे. तो सांगितल्याशिवाय सरकारचा यात एवढा संबंध का, ते कळायचं नाही. मॉर्फिन अफूपासून निघतं. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठराविक भागांत होते, नीमच, मंदसौर, चित्तोडगड, बाराबंकी अशा पट्ट्यांत. शेतकऱ्याला दर वर्षी परवाना लागतो. तो देणारं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्य कार्यालय ग्वाल्हेरला आहे. बोंडाला चिरा पाडायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलेला चीक खरवडायचा आणि तो सगळाच्या सगळा सरकारला द्यायचा. पुढचं काम नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. गाझीपूरचा कारखाना १८२० चा, कंपनी सरकारच्या काळातला. आणि ही सगळी व्यवस्था येते केंद्राच्या अर्थखात्याखाली, महसूल विभागात. अफू शतकभर सरकारच्या तिजोरीची गोष्ट होती, म्हणून ती तिथं राहिली. आपल्या घरातल्या माणसाची कळ थांबवणाऱ्या औषधाचा पहिला मालक आरोग्य खातं नाही, अर्थखातं आहे, हे वाचकानं लक्षात ठेवावं. पुढची बरीच गुंतागुंत तिथून येते.

१९८५ मध्ये अमली पदार्थांचा नवा कायदा आला. हेतू योग्य होता, तस्करी मोडायची होती. पण शिक्षा जबर, बऱ्याच गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि औषध म्हणून वापराचे नियम प्रत्येक राज्यानं आपापले करायचे. एका दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच परवाने लागायचे. काही एक्साइजचे, काही औषध प्रशासनाचे. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. नोंदीत चूक झाली तरी तुरुंगाची धास्ती. दवाखान्यांनी साठाच बंद केला. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात औषध म्हणून वापरलं गेलेलं मॉर्फिन जेमतेम १८ किलो होतं. अफू पिकवणारा देश, आणि त्याच देशातल्या कॅन्सरच्या रुग्णांना त्यातून निघणारं औषध नाही. त्या काळात डॉक्टर झालेल्या पिढीनं मॉर्फिन हाताळलंच नाही, आणि ज्यानं हाताळलं नाही तो ते लिहीतही नाही. कायदा बदलल्यावरही ही भीती वारशानं उतरत राहिली.

बदल आला २०१४ मध्ये. संसदेनं फेब्रुवारीत दुरुस्ती मंजूर केली, १ मेपासून ती लागू झाली. तिच्यासाठी वेदनाशमनात काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं दिल्लीच्या खेपा घातल्या. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल त्यांत आघाडीवर. दुरुस्तीनं 'अत्यावश्यक अमली औषधं' असा एक गट केला आणि त्यांचे नियम सगळ्या देशाला एक केले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन अशी सहा औषधं त्यात आली. पुढच्या वर्षी नियम निघाले. आता दवाखान्याला ढीगभर परवाने नकोत, एक मान्यता पुरते. ती राज्याचा औषध नियंत्रक देतो, म्हणजे आपल्याकडं अन्न व औषध प्रशासन. लोकांच्या तोंडी एफडीए. अट अशी की तिथं वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक डॉक्टर हवा, साठ्याची नोंद हवी, वर्षाला किती लागेल याचा अंदाज कळवायला हवा. मान्यता तीन वर्षांची, मग नूतनीकरण. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह रुग्णानं आपल्या गोळ्या जवळ बाळगणं गुन्हा नाही. हे वाक्य पुस्तिकेत ठळक छापलं आहे. नाक्यावर पोलीस धरतील या भीतीनं एका माणसानं गोळ्या नेल्याच नाहीत, असं आमच्या सिस्टरनी पाहिलं आहे.

दुसरी भीती घरातली. अफू हा शब्द ऐकला की आज्ज्या-पणज्यांच्या गोष्टी आठवतात. मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या आया तान्ह्याला निजवायला अफूची बाळागोळी द्यायच्या, तशा. "सवय लागली तर?" असं नातेवाईक विचारतात, आणि रुग्ण समोर तळमळत असतो. शरीराला मॉर्फिनची सवय होते हे खरं आहे. म्हणूनच ते एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं. पण ही सवय आणि व्यसन एक नव्हे. कॅन्सरच्या वेदनेसाठी, देखरेखीखाली, मोजून घेणारा माणूस व्यसनी होण्याचा धोका फार कमी असतो. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट जवळ आला, हाही गैरसमज. डोस वेदना ठरवते, राहिलेले दिवस ठरवत नाहीत.

दुसऱ्या टोकाचा धोकाही मी झाकून ठेवणार नाही. अमेरिकेत याच जातीची औषधं पाठदुखी-दातदुखीला सढळ हातानं लिहिली गेली आणि लाखो घरं उद्ध्वस्त झाली. २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगानं जगाचा हिशोब मांडला होता. वर्षाला सुमारे २९८.५ टन मॉर्फिनइतकी ही औषधं जगात वाटली जातात आणि सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला त्यातले ०.१ टन येतात. भारताची गरज चार टक्क्यांच्या आसपास भागते, असंही त्यांनी काढलं होतं. एकीकडं पूर, दुसरीकडं दुष्काळ. वाळवा तालुका दुष्काळाच्या बाजूला आहे. आपण पुराच्या बातम्या वाचून घाबरतो.

आता इस्लामपूरच्या माणसाच्या नजरेनं सरकार कसं दिसतं ते पाहू. तालुक्याचं नाव वाळवा, पण कचेऱ्या इस्लामपुरात. गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. इस्लामपूरचं उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. तिथून पुढं सांगलीचं सिव्हिल, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, आणि मिरजेचं १९६२ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. दुखणारा माणूस एकच, पण चाळीस-पन्नास किलोमीटरांत तो तीन घरांच्या उंबऱ्यांवरून जातो. एका घरची चिठ्ठी दुसऱ्या घरी चालते की नाही, या प्रश्नावर त्याचे दिवस जातात. सिस्टरनी सुचवलेला उपाय साधा आहे आणि चालतो. आजाराचं नाव, सध्याची औषधं आणि आण्यांत लिहिलेली वेदना असा एक कागद रुग्णाच्या उशाखाली कायम ठेवायचा, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तोच पुढं करायचा. कोरा नमुना पुस्तिकेच्या मागच्या पानावर आहे. फाडून घ्यावा.

घरी राहणाऱ्या रुग्णाच्या या सेवेला सरकारी कागदांत परिहारक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. शब्द जड आहे, आम्ही पुस्तिकेत 'दुखणं हलकं करण्याची सेवा' म्हटलं आहे. आपल्या महाराष्ट्राचा यात मान मोठा आहे, हे अनेकांना माहीत नसतं. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझांनी उभं केलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि या विषयात एम.डी. घडवण्याचं कामही तिथंच सुरू झालं. केरळात १९९३ मध्ये कालिकतला जे सुरू झालं त्याची वाट मात्र वेगळी होती. तिथं गल्लीतली माणसं, शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी शिकून तयार झाले आणि शेजाऱ्याच्या अंथरुणाजवळ गेले. २००८ मध्ये केरळ सरकारनं धोरणच केलं, आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रानंही केलं. त्याच सुमाराला केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. जिल्ह्याच्या ठिकाणी या सेवेसाठी खाटा, प्रशिक्षित डॉक्टर आणि सिस्टर असाव्यात, अशी त्याची आखणी. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आता पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं. तिथं द्यायच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि अंथरुणावरच्या रुग्णांची सेवा स्पष्ट लिहिलेली आहे.

म्हणून पुस्तिका सांगते, पहिलं दार गावातलंच. आशाताईला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सांगा, "आमच्या घरी अंथरुणावरचा रुग्ण आहे, त्याची नोंद करा." नोंद हा शब्द वापरा. नोंद झाली की भेटीची मागणी करता येते. जखमेचं ड्रेसिंग, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, तोंडाची निगा ही कामं सिस्टर घरच्यांना दोन भेटींत शिकवू शकतात. आमच्या आशाताईंनी एका घरात वाळलेली केळीची पानं भरून गादी करायला लावली, वॉटर बेड मिळेपर्यंत. ते चित्र पुस्तिकेत आहे. मॉर्फिन मात्र या पहिल्या दारी मिळणार नाही. त्यासाठी मान्यता असलेल्या दवाखान्यातच जावं लागतं, आणि जाण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारावेत, "तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडं आज आहेत का? रुग्णाला न आणता, कागदावर, घरच्या माणसाला देता का?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. हलवता न येणाऱ्या माणसाला जीपमध्ये घालून नेण्याचे हाल त्यानं कधी कधी वाचतात.

माझं सरकारकडं एक मागणं आहे, आणि ते मी इथं नोंदवून ठेवतो. मॉर्फिन तालुक्याच्या ठिकाणी मिळालं पाहिजे. तालुक्यातल्या एका डॉक्टरला प्रशिक्षण, एक कुलूपबंद कपाट, एक रजिस्टर आणि आठवड्यातला एक ठरलेला वार. कायद्यानं २०१४ मध्येच वाट मोकळी केली आहे. चार तासांनी घ्यायची गोळी आणायला चाळीस-पन्नास किलोमीटर जावं लागू नये.

पैशाचं थोडक्यात, कारण तहसीलवाल्या मित्रांनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली. ती मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ऑपरेशन, किमो, शेक त्यात बसतात. घरच्या रोजच्या औषधांसाठी तिच्यावर विसंबू नका. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सर, पक्षाघात अशा आजारांचे गरजू रुग्ण बसतात. अर्ज तहसीलला. उपचाराला निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरला तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला पाऊण माफ. दवाखान्याचा सही-शिक्क्याचा दाखला हवा. परळला जाणाऱ्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधीच विचारून ठेवावी. महाराजांच्या नावानं चाललेल्या त्या जागेनं आपल्या भागातल्या कितीतरी घरांना फुटपाथवर झोपण्यापासून वाचवलं आहे.

आता काउंटरवरच्या पहिल्या दोघांकडं येतो. भांगलणीची बाई आणि कोयता. त्यांची पाठ, त्यांचे गुडघे मॉर्फिननं बरे होणारे नाहीत, आणि त्यांनी ते मागूही नये. त्यांचा धोका वेगळाच आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं दोन-चार दिवस उपयोगी. वर्षानुवर्षं रोज, उपाशीपोटी, उन्हात पाणी न पिता घेतली तर पोटात व्रण होतो, रक्तस्राव होतो, किडनी खराब होते. बीपी-शुगरवाल्यांची अधिक लवकर. गुडघ्यावर 'हमखास' म्हणून मिळणाऱ्या कागदातल्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. दहा दिवस माणूस पळायला लागतो, पुढं हाडं पोकळ होतात, चेहरा सुजतो. अशी पुडी दिसली तर ती एफडीएच्या सांगली कार्यालयाला दाखवता येते, तो तुमचा अधिकार आहे. औषधानं अपाय झाला तर नोंदवायला देशाचा एक टोल-फ्री क्रमांक आहे, १८०० १८० ३०२४. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा. अशा नोंदींतूनच २०२३ च्या नोव्हेंबरअखेर आयोगानं मेफेनामिक ॲसिडबद्दल इशारा दिला. पाळीच्या दुखण्याला घरोघरी घेतली जाणारी ही गोळी क्वचित एखाद्याला अंगभर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज आणणारी गंभीर रिॲक्शन देते. म्हणून गोळी घेतल्यावर पुरळ उठलं तर ती थांबवून डॉक्टर गाठायचा. आणि ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. चिठ्ठीशिवाय ते मागू नका. मी देणार नाही, माझ्या धंद्यातल्या कुणीच देऊ नये.

धंद्यातल्या मित्रांना आणखी एक सांगायचं आहे. "दुखायची गोळी द्या" म्हणणाऱ्याला एकदा तरी विचारा, कुणाला, कुठं आणि किती दिवसांपासून. आत्तीच्या आधी मी किती मुलांना 'जरा भारीतली' देऊन परत पाठवलं असेल, ते मला आता आठवत नाही. तेव्हा विचारलं असतं तर निदान रस्ता शोधायला मी आधी लागलो असतो.

आत्ती त्यानंतर अकरा आठवडे जगली. डोस दोनदा वाढला. पहाटेची गोळी माझी बायको द्यायची, दुपारची मी, आणि प्रत्येक वेळ वहीत लिहायची असा बाईंचा दंडक होता. साधी दोनशे पानी वही, मुलाच्या शाळेतली उरलेली. सहा, दहा, दोन, सहा, दहा, आणि पुढं आणे. मधल्या एका पानावर कोथिंबिरीचं देठ चिकटलेलं आहे. त्या दुपारी तिनं अंथरुणावर बसून कोथिंबीर निवडली होती.

ती गेल्यावर नऊ गोळ्या उरल्या. मोजणीचं औषध, घरात ठेवू नका, परत आणून द्या, असं सांगितलेलं होतं. तेराव्यानंतर मी गेलो. सिस्टरनी गोळ्या ट्रेमध्ये ओतून मोजल्या, रजिस्टर उघडलं, नावापुढं नऊ लिहिलं आणि माझी सही घेतली. मग पेन तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, "शेवटच्या दिवशी किती होतं?"

"दोन आणे," मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहिलं.